लिहून नेलं, त्याचं काय झालं?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील काही भाग गाळून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



व्याख्यानमालेचे कार्यकर्ते घरी आले आणि म्हणाले, "सर, विद्यापीठात तुम्ही इतकी वर्षं संशोधनाचे प्रकल्प सांभाळले, त्यावर बोला." मी म्हणालो, "अरे बाबांनो, प्रकल्पाचा कारभार म्हणजे व्हाउचर, जीप आणि फॉर्म. विहारात हे कोण ऐकणार?" त्यांच्यात समाजशास्त्रात एम. ए. करणारी एक मुलगी होती. ती पटकन म्हणाली, "सर, आपल्या वस्तीत वर्षाला दोन तरी सर्व्हे येतात. येतात, विचारतात, लिहितात, जातात. पुढे काय होतं ते कुणी सांगतच नाही." तिचे म्हणणे मला लागले. कारण हाच प्रश्न मला पूर्वी एकदा एका म्हातारीने विचारला होता आणि त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आज उभा आहे.

आधी विषय थोडा फोड करून सांगतो. रसायनशास्त्राचा माणूस प्रयोगशाळेत काम करतो. समाजशास्त्राची, अर्थशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे गाव, वस्ती, कारखाना, शाळा. तिथे जाऊन, माणसांना भेटून, विचारून आणि डोळ्यांनी पाहून माहिती जमवायची, याला क्षेत्रकार्य म्हणतात. विद्यापीठातला प्राध्यापक प्रस्ताव लिहितो, एखादी संस्था अनुदान देते, मग संशोधन सहाय्यक आणि अन्वेषक नेमले जातात, प्रश्नावली तयार होते, घरोघर मुलाखती होतात, तक्ते काढले जातात आणि शेवटी अहवाल. दिल्लीला भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ साली स्थापन झाली, तेव्हापासून अशा कामाला आपल्या देशात बराच आधार मिळाला. वरून पाहिले तर हे सरळ काम. पण अहवालात खरे काय आणि खोटे काय उतरणार हे प्राध्यापकाच्या टेबलावर कमी ठरते. ते ठरते घराच्या उंबऱ्यावर, फॉर्म भरणाऱ्या पोराच्या हातात. आणि त्या पोराला पगार वेळेवर मिळाला का, त्याला जेवायला मिळाले का, तो कोणाच्या घरी उतरला, यावरही ते ठरते. व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

याचे एक जुने आणि मोठे उदाहरण आपल्याला माहीत असावे. अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचे शहर आहे. १८९६ साली तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने शहरातील काळ्या लोकांच्या स्थितीचा अभ्यास करायचे ठरवले आणि त्यासाठी एका तरुण काळ्या विद्वानाला बोलावले. त्यांचे नाव डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस, पण विद्यापीठाने त्यांना नियमित प्राध्यापकाची जागा काही दिली नाही. काम मात्र दिले. ते पत्नीसह त्या वस्तीतच, सातव्या वॉर्डात, राहायला गेले आणि घरोघर स्वतः फिरले. कुटुंबासाठी एक प्रश्नपत्रक, व्यक्तीसाठी दुसरे, घरासाठी तिसरे, गल्लीसाठी, संस्थांसाठी, घरकाम करणाऱ्या नोकरांसाठी वेगळे, अशी सहा प्रकारची पत्रके त्यांनी केली. त्या एका वॉर्डात ९,६७५ काळे लोक त्यांच्या मोजणीत आले. १८९९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शहरातल्या प्रतिष्ठितांचा समज असा की ही वस्ती म्हणजे शहराचा रोग. डु बॉईस यांनी आकडे मांडून दाखवले, की गुन्हा आणि गरिबी ही लक्षणे आहेत, रोगाचे मूळ नाही. मूळ आहे ते नोकरी नाकारणाऱ्या, घरभाडे जास्त घेणाऱ्या वर्णभेदात आणि गुलामगिरीच्या इतिहासात.

मला त्यांच्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, त्यांनी स्वतः लिहून ठेवले, की सुमारे बारा ठिकाणे सोडली तर कामाचा हेतू सांगताच लोकांनी त्यांना घरात घेतले. दुसरी त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितली, की वस्तीतल्या लोकांना आपला असा अभ्यास होणे मुळीच आवडले नव्हते. म्हणजे दार उघडले, पण मन खट्टू होते. आपलाच माणूस फॉर्म घेऊन आला तरी! हे ज्याला कळले तो चांगला अन्वेषक. याच डु बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. अमेरिकेतील काळे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज करणार असल्याचे वाचून त्याची प्रत त्यांनी मागवली होती, आणि डु बॉईस यांचे उत्तरही आले होते.

आणि बाबासाहेब स्वतः? १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीच्या कामासाठी ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. १९२९च्या ऑक्टोबरात धुळ्याहून परत येताना एका बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करायला ते चाळीसगावला उतरले. पुढचे आपल्याला पाठ आहे. टांगेवाले त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला टांगेवाला आला नाही. आपल्यातल्याच एकाने, ज्याला टांगा हाकता येत नव्हता, त्याने लगाम धरला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. मी नव्या अन्वेषकांच्या प्रशिक्षणात ही घटना नेहमी सांगायचो. भावना जागवायला म्हणून नव्हे, कामाचा धडा म्हणून. चौकशी समितीचा सदस्य, बॅरिस्टर, त्याला वाटेत जे घडले तीच अस्पृश्यतेची सगळ्यात पक्की नोंद होती. म्हणून मी सांगायचो, फॉर्ममध्ये जे रकाने आहेत ते भराच, पण वाटेत काय घडलं, चहा कुणी दिला, कपात दिला की करवंटीत, ते संध्याकाळी डायरीत लिहा. रकान्यात न बसणारे सत्य डायरीत बसते.

आता माझ्या अनुभवाकडे येतो. विद्यापीठाचे नाव घेत नाही, कारण हे सगळीकडेच असे चालते.

मी संशोधन सहाय्यक म्हणून लागलो तो नव्वदच्या दशकात. पहिलाच प्रकल्प बीड जिल्ह्यातल्या खेड्यांचा होता, विषय ग्रामीण मजूर कुटुंबांचा. आमचे प्रकल्प संचालक अभ्यासू आणि सज्जन. त्यांनी मला सांगितले, "शास्त्र माझ्याकडे, कारभार तुमच्याकडे." मला वाटले, कारभार म्हणजे किरकोळ. पहिल्या महिन्यातच डोळे उघडले.

हिशेब कसा असतो पाहा. समजा बारा गावे घेतली आणि प्रत्येक गावात पन्नास घरे, म्हणजे ६०० मुलाखती. सहा अन्वेषक आहेत. एक माणूस नीट विचारून दिवसाला पाचच मुलाखती करू शकतो. म्हणजे दिवसाला तीस, आणि ६०० ला वीस दिवस. त्यात एस.टी. चुकते, बाजारचा दिवस येतो, लग्न निघते, कोणाला ताप येतो. वीसचे तीस दिवस धरावेच लागतात. पण प्रस्तावात वीसच लिहिलेले, कारण पैसे कमी मागितले की मंजुरी लवकर मिळते! मग पुढचे दहा दिवस कुठून आणायचे? अन्वेषकाला म्हणायचे, दिवसाला आठ कर. आणि जो दिवसाला आठ करतो तो काय करतो, हे मी पुढे सांगणारच आहे.

पैसा हप्त्याने येतो. पहिला हप्ता खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. इकडे खेड्यातला बैलगाडीवाला पावती देत नाही आणि तिकडे लेखा विभाग पावतीशिवाय बिल पास करत नाही. गाडीवाल्याचा अंगठा कागदावर घेतला तर म्हणतात, रेव्हेन्यू स्टॅम्प कुठे आहे? हसू नका, या एका स्टॅम्पापायी दोन पोरांचा प्रवासभत्ता चार महिने अडकला होता. गरिबाघरची पोरे, त्यांनी उधारीवर दिवस काढले. तेव्हापासून मी खिशात स्टॅम्पांचे पान घेऊन फिरायला लागलो. तुमच्यापैकी जे तरुण पुढे असे काम करतील त्यांनी लक्षात ठेवावे, पगार आणि भत्ता वेळेवर देणे हा संशोधनाच्या खरेपणाचा भाग आहे.

आता मुख्य गोष्ट. अनुदानाचा हप्ता दिवाळीनंतर हातात पडला. ३१ मार्चच्या आत खर्च करायचा होता. साहजिकच आम्ही डिसेंबरात गावात गेलो. मतदारयादीवरून घरे निवडली होती. नियम असा होता की निवडलेले घर बंद असेल तर शेजारचे उघडे घर घ्यायचे. असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो आणि कागदावर तो निरुपद्रवी दिसतो. आठ-दहा दिवसांनी मी रात्री कंदिलाच्या उजेडात बंद घरांची यादी काढायला बसलो आणि चरकलो. बंद घरे गावभर सारखी पसरलेली नव्हती. बहुतेक सगळी बौद्धवाड्यातली, मांगवाड्यातली आणि तांड्यावरची होती. का? बीड जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल. डिसेंबरात ही माणसे गावात नसतातच. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन, नवरा-बायकोचा एक कोयता करून, लेकरंबाळं गाडीत घालून ती ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असतात, ती उन्हाळ्यात परत येतात. म्हणजे आम्ही मजुरांचा अभ्यास करत होतो आणि सगळ्यात गरीब मजूर आमच्या फॉर्ममधून बाद होत होता. त्याच्या जागी दोन एकरवाला शेजारी बसत होता. अहवालात गावचा मजूर आहे त्यापेक्षा सुखी दिसला असता. कुणी खोटे लिहिले नसते, तरीही अहवाल खोटा झाला असता.

दुसऱ्या दिवशी काम थांबवून मी विद्यापीठात गेलो. संचालकांपुढे यादी ठेवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण मार्चच्या आत पैसा खर्ची पडला नाही तर हप्ता परत जाईल. पोरांचे पगारही त्यातलेच आहेत." यात खलनायक कुणी नव्हता. माझा स्वतःचा पगारही त्यातलाच होता. घरी आई आजारी होती. रात्रभर मला झोप नाही. मनात येत होते, कशाला डोके लावतोस, नियम तुझा नव्हे, अहवालावर सहीही तुझी नव्हे. पण एक सांगतो, मी लहान असताना माझी आईसुद्धा आम्हाला गाडीत घालून तोडीला जायची. आमच्याही घराला कुलूप असायचे. ते कुलूप लावलेले घर कुणीतरी यादीतून काढून टाकतो आहे आणि काढणाऱ्यांत मी आहे, हे काही सोसेना.

सकाळी मी दोन पर्याय लिहून नेले. एक, बंद घराच्या जागी दुसरे घर घ्यायचे नाही. 'स्थलांतरित' अशी नोंद करून त्याची जागा रिकामी ठेवायची. दोन, मार्चच्या आत पैसे खर्चच करायचे तर माणसे जिथे आहेत तिथे जायचे. गावातून नातेवाइकांकडून कळले, की अमुक टोळी तमुक कारखान्यावर आहे. संचालकांनी सही केली आणि मुदतवाढीचे पत्रही पाठवले. ती मिळाली, पण उशिरा. तोपर्यंत आम्ही कारखान्यावर पोहोचलो होतो.

तिथे काय पाहिले! शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या. माणूस पहाटे अंधारात फडात जातो आणि गाडी खाली करून रात्री परत येतो. मुलाखत घ्यायची कधी? प्रश्नावलीचे एकशे दहा प्रश्न, तासभर लागायचा. थकून आलेल्या बाईने भाकरी थापायची की तुमच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची? आम्ही तिथेच बसून प्रश्न निम्मे केले. संचालकांना फोन लावला, ते म्हणाले, "काटा. जे विचारायचं ते नीट विचारा." तो धडा मी पुढे प्रत्येक प्रकल्पात पाळला. प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचे, या उत्तराचे आपण काय करणार? तक्ता निघणार नसेल तर प्रश्न काढून टाकायचा. गरिबाचा तास फुकटचा नसतो.

आता रकान्याची गोष्ट सांगतो, ती तुमच्या-माझ्या जिव्हाळ्याची आहे. फॉर्म तपासताना मला दिसले, की एका अन्वेषकाच्या गठ्ठ्यात धर्माच्या रकान्यात सगळीकडे 'हिंदू' आहे, आणि तीही एकाच शाईत, बाकीचा फॉर्म दुसऱ्या शाईत. विचारले तर म्हणाला, "सर, वेळ वाचावा म्हणून रात्री मुक्कामावर आधीच भरून ठेवतो." मी म्हटले, "आणि माणूस बौद्ध म्हणाला तर?" तो म्हणाला, "ते म्हणतात आम्ही जयभीमवाले. मग मी जातीत महार लिहितो, झालं की!" पोरगा वाईट नव्हता. त्याला ते खोडसाळपणाचे वाटतच नव्हते.

मी त्याला जनगणनेचे आकडे दाखवले. १९५१च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध २,४८७. धम्मदीक्षा १९५६ला. १९६१च्या जनगणनेत बौद्ध २७,८९,५०१. २०११ला तो आकडा ६५ लाख ३१ हजारांवर गेला आहे. मी त्याला एवढेच म्हणालो, १९६१ साली प्रगणकाने तुझ्यासारखा रात्री बसून रकाना भरला असता तर हे सत्तावीस लाख लोक कागदावर जन्मलेच नसते. माणूस जे सांगतो ते लिहायचे, तुला जे ठाऊक आहे ते नाही. पण नुसते रागावून भागत नाही, फॉर्मही सुधारावा लागतो. १९९०च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. त्यामुळे एकच माणूस धर्म बौद्ध सांगतो आणि दाखल्यासाठी पूर्वीची जातही सांगतो. दोन्ही खरे आहे. म्हणून आम्ही प्रश्न वेगळे केले. धर्म कोणता, हा एक. जातीचा दाखला आहे का आणि त्यावर काय लिहिले आहे, हा दुसरा. त्या पोराचे आधीचे सगळे फॉर्म घेऊन त्यालाच पुन्हा घरोघर पाठवले.

आणखी एक दुखरी गोष्ट. सांगू की नको असे वाटत होते, पण विहारात उभे राहून अर्धेच सांगणे बरे नाही. आमच्यातला सगळ्यात चलाख अन्वेषक आपल्याच समाजातला होता. दिवसाला आठ-नऊ फॉर्म आणून द्यायचा. मी त्याचे कौतुक करायचो. दर दहा फॉर्ममागे एका घरी पर्यवेक्षकाने परत जाऊन पडताळणी करायची, हा नियम. पण त्याच्यावर विश्वास म्हणून मी त्याचे फॉर्म पडताळणीतून सोडले. इथे माझी चूक. नंतर वयाचे तक्ते काढायला घेतले. आता खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला वय विचारले तर तो काय सांगतो? "असेल चाळीस, पंचेचाळीस. लिहा साठ." सगळ्यांच्या फॉर्ममध्ये शून्य आणि पाचावर संपणारी वये ढिगाने होती. ह्याच्या फॉर्ममध्ये मात्र सदतीस, त्रेचाळीस, बावन्न, अशी नीटनेटकी वये! मला शंका आली. दोन घरी गेलो. एका घरी लिहिलेली तीन मुले नव्हतीच. दुसऱ्या घरचे लोक म्हणाले, आमच्याकडे कुणी आलंच नाही. पोराने स्टँडवर बसून फॉर्म भरले होते.

मी त्याला काढून टाकले. त्याची आई माझ्या घरी आली. वडील नव्हते, धाकटी बहीण शिकत होती. ती म्हणाली, "आपल्याच माणसानं आपल्या लेकराच्या पोटावर पाय दिला." काय बोलणार? ते फॉर्म मी ठेवू शकत नव्हतो. पण रात्री विचार केला तेव्हा दिसले, की फॉर्ममागे पैसे हा दर मीच ठरवला होता. जास्त फॉर्म, जास्त पैसे. बंद घराला पैसे नाहीत, तीनदा फेरी मारली त्याला पैसे नाहीत, खरे बोलणाऱ्याला कमी पैसे. मी खोट्याला बक्षीस लावले होते आणि खोटे आले म्हणून पोराला शिक्षा केली. पुढच्या प्रत्येक प्रकल्पात मी रोजावर पगार दिला आणि पडताळणीतून कुणालाही, अगदी सख्ख्यालाही, सोडले नाही. त्या मुलाला पुन्हा काम द्यायची संधी मला मिळाली नाही. तेवढे मनात राहिले आहे.

आज टॅबवर मुलाखती होतात. वेळ, ठिकाण आपोआप नोंदले जाते, स्टँडवर बसून फॉर्म भरणे अवघड झाले आहे. चांगले आहे. पण यंत्राला हे कळत नाही, की पथकाची गाडी आधी पाटलाच्या वाड्यापुढे थांबली म्हणून वस्तीतली बाई खरे बोलत नाहीये. यंत्राला हेही कळत नाही, की अन्वेषक घरातले पाणी का पीत नाही. आमच्या पथकात एक मुलगी पाण्याची बाटली घेऊनच घरात शिरायची. मी नियम केला, घरात बाटली न्यायची नाही; ज्याला दिलेले पाणी पिणे जमणार नाही त्याने मला एकट्याला सांगावे, मी त्याला ऑफिसचे काम देईन. एकाने येऊन सांगितले. त्याला तक्त्यांचे काम दिले. त्या मुलीने मात्र तिसऱ्या दिवसापासून पाणी प्यायला सुरुवात केली.

आता त्या म्हातारीकडे येतो. पहिल्याच गावात, पहिल्याच दिवशी, मी हेतू सांगायला लागलो तर ती म्हणाली, "बाबा, मागच्या खेपंला बी असंच एक पोरगं आलं व्हतं. समदं लिहून नेलं. त्याचं काय झालं?" मी म्हणालो, "आजी, अहवाल होतो, सरकारकडे जातो." ती म्हणाली, "म्हंजी आमच्याकडं येत न्हाई." एवढे बोलून तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली. वर चहा पाजला.

अहवालाचा मसुदा झाल्यावर मी संचालकांना विनंती केली, छापण्याआधी गावात जाऊन वाचू या. यासाठी अंदाजपत्रकात पैसा नव्हता. टपाल आणि झेरॉक्सच्या रकमेतून एस.टी.चे भाडे काढले, उरलेले संचालकांनी खिशातून घातले. समाजमंदिरात बसलो. कुणाचे नाव न घेता, नुसते तक्ते सोप्या भाषेत वाचले. पाण्याचा तक्ता आला. 'सार्वजनिक विहिरीचे पाणी वापरणारी कुटुंबे' आणि पुढे मोठा आकडा. म्हातारी मध्येच म्हणाली, "इहीर सार्वजनिक हाय, पर आमचा पोहरा त्यात पडत न्हाई. त्यांनी वतलं तर आमी भरतो. हे न्हाई का लिव्हलं?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. प्रश्न होता, पाणी कुठून आणता. पाणी कोण शेंदते, हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता! तीस दिवसांच्या क्षेत्रकार्यात जे कळले नाही ते एका संध्याकाळी कळले. दोन माणसे पुन्हा सगळ्या गावांत पाठवली, तो एकच प्रश्न घेऊन. अहवालातले पाण्याचे प्रकरण नव्याने लिहिले.

त्या अहवालाने क्रांती झाली असे मी सांगणार नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे. पण गावात ठेवलेल्या प्रतीतला तो तक्ता तिथल्या पोरांनी ग्रामसभेत वाचून दाखवला आणि तहसील कार्यालयात अर्जाला जोडला. वस्तीत स्वतंत्र हातपंप बसायला पुढे तीन वर्षे गेली. तो आमच्या तक्त्यामुळे बसला की त्या पोरांच्या खेट्यांमुळे, हे विचाराल तर मी म्हणेन, खेट्यांमुळे. पण त्यांच्या हातात कागद होता.

म्हणून शेवटी दोन विनंत्या. पहिली तरुणांना. तुमच्यातले काही जण विद्यापीठात जात आहेत, उद्या अन्वेषक व्हाल, परवा प्रकल्प सांभाळाल. अंदाजपत्रक करताना गावात परत जाऊन अहवाल वाचण्याचा खर्च पहिल्या पानावर लिहा, शेवटच्या नाही. बंद घरे मोजा. डायरी ठेवा. आपला माणूस म्हणून कुणाची पडताळणी सोडू नका, आणि आपला माणूस म्हणून कुणाची माहिती बाहेर बोलू नका. ज्या घरात तुम्हाला दुःख सांगितले गेले ते घर चहाच्या टपरीवर चर्चेला येता कामा नये.

दुसरी विनंती वस्तीतल्या सर्वांना. सर्व्हेवाल्यांना हाकलू नका. आपली मोजदाद झाली नाही तर आपले नुकसान आहे. पण दारातच पाच प्रश्न विचारा. तुला कुणी पाठवले? पैसा कुणाचा आहे? ही माहिती कशासाठी? माझे नाव कुठे जाणार? आणि वाचून दाखवायला परत कधी येणार? पाचव्या प्रश्नाचे उत्तर महिला मंडळाने विहाराच्या वहीत लिहून ठेवावे, तारखेसह, त्याच्या सहीने. आज वर्धापनदिनी विश्वस्तांनी अशी एक वही सुरू केली, तर मला बोलावल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

ती आजी आता नाही. तिचा प्रश्न मी तुमच्याकडे देऊन जातो. 

जयभीम! नमो बुद्धाय!